शब्दचर्चा : डेटाबेसमधला ‘टिकाऊपणा’ की ‘कायमपणा’?

प्रश्न : ड्युरेबिलिटीसाठी ‘टिकाऊपणा’ हा शब्द सर्रास वापरला जातो. टिकाऊ म्हणजे वापराने न झिजणारे. येथे मात्र झिजेचा संबंध नाही. व्यवहार (ट्रॅन्झॅक्शन) कमिट झाल्याचे, म्हणजे पक्का नोंदवल्याचे, डेटाबेसने एकदा कळवले की पुढच्याच क्षणी वीज गेली तरी तो शिल्लक राहावा, एवढेच अभिप्रेत आहे. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर : कमिटसाठी ‘कायम करणे’ आणि म्हणून ‘कायमपणा’ मला योग्य वाटतो, ‘नोकरीत कायम झाला’ यातला अर्थ इथेही लागू पडतो. खरी अडचण ‘लिहिले’ या क्रियापदाची आहे. प्रोग्रॅमने राइट केले की लिनक्स तो मजकूर बहुधा मेमरीतल्या पेज कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवून ‘झाले’ म्हणते; तो डिस्कपर्यंत न्यायचा तर एफसिंक (‘आता डिस्ककडे पाठव’ ही आज्ञा) करावे लागते. मॅकओएसवर तर साधे एफसिंक मजकूर डिस्कच्या हवाली करते, पण डिस्कची स्वतःची कॅश रिकामी करवत नाही. त्यासाठी एफ_फुलएफसिंक वेगळे सांगावे लागते. या टप्प्यांना मी ‘सोपवले’ म्हणेन. हे सारे टाळण्याचा मोह का होतो, तेही उघड आहे : मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, त्यामुळे प्रत्येक कमिटला एका फेऱ्याइतके थांबणारी डेटाबेसची एकच जोडणी सेकंदाला साधारण तेवढ्याच कमिटांवर अडकते.

पुढील उत्तर : ‘कायम’ मान्य आहे, पण आपल्या मांडणीत दोन निरनिराळी नुकसाने एक होतात. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली आधी लॉगमध्ये नोंद करते आणि डेटाच्या फायली मागाहून बदलते. आपल्याकडची कीर्द आणि खतावणी हीच. सिंक्रोनस_कमिट (कमिट कळवण्याआधी लॉग डिस्कवर जाईपर्यंत थांबण्याचे सेटिंग) बंद ठेवल्यास कीर्दीची अगदी शेवटची पाने गहाळ होऊ शकतात (लॉग किती वेळाने लिहायचा याच्या मूळच्या २०० मिलिसेकंदांच्या सेटिंगनुसार जास्तीत जास्त तिप्पट, म्हणजे ६०० मिलिसेकंदांची), पण उरलेला हिशेब जुळतो. एफसिंकच बंद केले, तर वीज गेल्यावर कीर्द आधी आणि खतावणी नंतर या क्रमाचीच हमी उरत नाही आणि खतावणी बिघडू शकते. पहिल्याला ‘गहाळ’, दुसऱ्याला ‘विसंगत’ म्हणावे. दोन्हींना ‘डेटा लॉस’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

आणखी एक. ‘कायम’ची व्याख्या ‘डिस्कच्या तबकडीवर पोहोचलेले’ अशी करू नये. बॅटरीचा आधार असलेल्या रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या उपकरणाच्या) कॅशमधला मजकूर तबकडीवर नसूनही वीज गेल्यास वाचतो, अर्थात बॅटरी धड असेल तर (आणि ती तपासायला कोणी जात नाही!). म्हणून कशातून वाचणार, ते शब्दासोबतच सांगावे. मायएसक्यूएल या डेटाबेसचा मजकूर साठवणाऱ्या इनोडीबी या भागाच्या इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट या सेटिंगची किंमत २ ठेवली असेल, तर माहितीपुस्तिकेत असे लिहावे : ‘मायएसक्यूएल कोसळल्यास व्यवहार कायम, मशीनच बंद पडल्यास शेवटच्या साधारण एका सेकंदाचे व्यवहार गहाळ होऊ शकतात.’