बाळ ज. पंडितांचा वारसा आणि आपलं लाइव्ह समालोचन

गोदाकाठ
कान्हेरे मैदानावर रणजी सामने होतात त्या आपल्या नाशकात टेनिस चेंडूच्या स्पर्धांचं यूट्यूबवरचं, भोंग्यावरचं समालोचन म्हणजे नुसतं ‘काय मारलाय!’ बाळ ज. पंडित स्वतः रणजी खेळलेले, रेडिओवर मराठी समालोचन रुजवलं ते त्यांनी. रेडिओची ती शिस्त पोरांनी घोटावी. चेंडूआधी गोलंदाज आणि समोर कोण. नंतर टप्पा, फटका, धाव. षटकात दोनदा धावफलक.

सिडकोकर
नाही पटत. रेडिओवर काहीच दिसत नाही म्हणून सगळं सांगावं लागायचं. यूट्यूबवर कव्हरकडे गेलेला चेंडू दिसतोच की! मिडविकेट मागे का नेला, ते सांगा. दोन चेंडू गप्प बसलात तरी बिघडत नाही.

गोदाकाठ
अहो, कॅमेरा एकच, तोही साइटस्क्रीनपाशी स्टँडवर. चेंडू उंच गेला की चौकटीबाहेर. झेल टिपला की सुटला, हे बोलणाऱ्याशिवाय कळणार कसं?

मिक्सरवाला
आधी ऐकू तर येऊ द्या. मिक्सरचा लाइन आउट, म्हणजे बाहेर जाणारा आवाज, थेट मोबाइलच्या माइक इनपुटला जोडतात. लाइनचा सिग्नल कितीतरी जोरकस, म्हणून आवाज फाटतो. मध्ये ऑडिओ इंटरफेस, म्हणजे सिग्नल जुळवून देणारी पेटी हवी. मीटरवर आवाजाची पातळी जास्तीत जास्त -६ डीबी. माइक तोंडापासून चार बोटं, जरा तिरका, नाहीतर ‘प’, ‘फ’ फटकन आदळतात. वारा असेल तर फोम. भोंग्यांच्या तोंडासमोर बसलात तर शिट्टी ठरलेली. आणि मोबाइलवर बघून बोलू नका, प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं.

सिडकोकर
हे मान्य. पण अख्खा डाव एकट्याच्या गळ्यात मारू नका. रेडिओचे इंग्रजी समालोचक तल्यारखान १९३४ च्या मुंबईतल्या चौरंगी क्रिकेट सामन्यांपासून एकटेच बोलायचे, त्यांना ते पेललं. २० षटकांचा डाव म्हणजे सव्वा-दीड तास. भोंग्यावर ओरडून निम्म्यातच घसा बसतो. दोघं ठेवा, पाच-पाच षटकांची पाळी.

गोदाकाठ
नुसती पाळी नको, कामही वाटा. एकानं चेंडू सांगायचा, दुसऱ्यानं षटक संपल्यावरच तोंड उघडायचं. स्कोअरर शेजारी हवा. लेगबाय की बॅटच्या धावा, हे त्यानं पंचांची खूण पाहून सांगितल्याशिवाय जाहीर करायचं नाही. हाच घोळ सगळ्यात जास्त होतो.

पंचवटीकर
कबड्डीला यातलं निम्मं निरुपयोगी. चढाई ३० सेकंदांची, त्यात टप्पा-फटका कुठला! चढाईपटू निघण्याआधी समोर किती उरलेत ते सांगा. सहा किंवा सात असतील तरच बोनस रेषा ओलांडल्याचा गुण. तीन किंवा कमी असताना पकड झाली तर दोन गुण. हा आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं.

सिडकोकर
म्हणजे तिथं गप्प बसायची सोयच नाही. बरं, कबड्डीपुरतं गोदाकाठ म्हणतात ते खरं. क्रिकेटला मात्र कॅमेरे दोन करा, तोंडं कमी करा.