मदत हवी आहे: मुलगा दिवसभर उपाशी, रात्री फ्रिज रिकामा

घायकुती_आई: लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आलीय. सकाळी अन्नाला शिवत नाही, डबा तसाच परत, आणि रात्री अकराला स्वयंपाकघरात खुडबुड. वर प्रोटीन पावडरचा हट्ट. आणू की नको?

टिचभर: वय? उंची? वजन?

घायकुती_आई: पंधरा. वजन माहीत नाही. वर्षात दोनदा पँटी आखूड झाल्या.

लोखंडप्रेमी: बिनधास्त आणा. मी सोळाव्या वर्षापासून घेतोय, काही झालं नाही.

चमचा: तुम्हाला काही झालं नाही, हा पुरावा नव्हे. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 52 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी, दोन ग्लास दूध, मूठभर शेंगदाणे एवढ्यातच तीस-पस्तीस ग्रॅम होतात. उरलेली जेवणातून मिळतात. पावडर कशाला?

लोखंडप्रेमी: ताई, व्यायाम करणाऱ्याला 52 पुरत नाहीत.

चमचा: तो व्यायाम करतो असं कुठे लिहिलंय? आणि मी ताई नाही, दादा आहे.

घायकुती_आई: अगं बाई, ते राहिलंच. महिनाभर जिमला जातोय, संध्याकाळी सातला. निघताना एनर्जी ड्रिंक पितो.

निशाचर: मग पावडरचं काय घेऊन बसलात! कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. या वयात झोप तशीही उशिरा येते, त्यात हे. जागा राहतो म्हणून रात्री खातो, रात्री खातो म्हणून सकाळी भूक नाही. आधी ते ड्रिंक बंद करा आणि जिमहून आल्या आल्या पोटभर जेवायला वाढा.

उंटावरचा: उंचीसाठी बारला लटकायला सांगा. पुतण्या सहा महिन्यांत ताडासारखा वाढला.

टिचभर: उंचीचं कोणी विचारलं? पुतण्या तेरा-चौदाचा असेल, न लटकता पण वाढला असता.

उंटावरचा: तुम्ही लटकून पाहिलंय का?

लोखंडप्रेमी: लटकण्याने पकड सुधारते, एवढं मात्र खरं.

चमचा: लटकणाऱ्यांनी वेगळा धागा काढा. आई, डबा का परत येतो ते विचारलंत? माझा मुलगा मित्रांसमोर उघडायला लाजायचा. हाताने पटकन खाता येईल असं दिलं, तर संपायला लागला.

टिचभर: सतत दमलेला वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिनही तपासा.

घायकुती_आई: विचारलं. डबा खायला वेळ मिळत नाही म्हणाला. आणि ड्रिंकचे कॅन त्याचे बाबाच आणून देतात, हे आत्ता कळलं. थांबा, आलेच.