कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरला रुग्णाशी बोलायचं प्रशिक्षण सक्तीचं करावं का?

सदाफुली
नर्सिंग कौन्सिलचा ऑन्कॉलॉजीचा, म्हणजे कॅन्सर शुश्रूषेचा, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. तो केलेली सिस्टर केमोचं डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपलं तर काय करायचं हे झोपेतही सांगेल. सांगायलाच हवं, ते औषध आतलं मांस जाळतं. पण रुग्णाने "केमोची पुढची सायकल, म्हणजे फेरी, घेतलीच नाही तर काय होईल?" असं विचारलं, की तीच सिस्टर "डॉक्टरांना विचारा" म्हणून सलाईनकडे वळते. माझं मत: व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचं, म्हणजे आजाराआधी माणसाला विचारण्याचं, प्रशिक्षण कॅन्सर वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला सक्तीचं हवं. पीपीटी दाखवून नव्हे, रुग्णाची भूमिका करणारा माणूस समोर बसवून.

वऱ्हाडी_ठेचा
झकास! नाईटला तीस खाटांमागे दोन सिस्टर, त्यांना आता नाटकही शिकवा. कौन्सिलचंच प्रमाण आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक. ते कुठे पाळलं जातं ते सांगा, मग माणुसकीचे वर्ग काढू. जिला पाणी प्यायला फुरसत नाही तिच्याकडून सहानुभूतीची अपेक्षा म्हणजे सरकारने हात झटकून जबाबदारी तिच्या गळ्यात मारणं.

सदाफुली
माणसं हवीत, यावर वाद नाहीच. पण ती येईपर्यंत थांबायचं का? बरे न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांना सांभाळणारं वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं तसंच केंद्र १९९७ पासून हेच करतंय. म्हणजे उपचार थकले की माणसाकडे बघायचं, आणि केमो चालू असताना फक्त खाट नंबर सात?

नाईट_ड्यूटी
मी याच वॉर्डात असते, म्हणून दोघांनाही थोडं सुनावते. आमच्याकडे एका रुग्णाच्या फाइलवर शेरा होता: 'केमोस नकार.' सिस्टरने स्टूल ओढून विचारलं तेव्हा कळलं, पेरणी तोंडावर होती आणि घरी दुसरा माणूस नव्हता. डॉक्टरांनी सायकल आठ दिवस पुढे नेली, माणूस परत आला. या विचारण्याला पाच मिनिटं लागली, त्यामुळे वऱ्हाडीभाऊ, सगळं संख्येवर ढकलू नका. पण सदाफुलीताई, अशी प्रशिक्षणं आम्ही बघितलीत. वडापाव, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलताना हँडओव्हरला विचारणार काय, तर बीपी, युरीन आउटपुट, ड्रेन किती. पेरणीचं लिहायला रकानाच नाही. रकाना करा, मग बघा सिस्टर विचारते की नाही.

पेठेतला_पोरगा
मला भीती वेगळीच आहे. आईला निदान सांगू नका, असं आम्हीच बजावलं होतं. उद्या एखादी प्रशिक्षित सिस्टर 'रुग्णाचा हक्क' म्हणत सगळं सांगून मोकळी झाली तर? आपल्याकडे आजारपण एकट्याचं नसतं, घराचं असतं.

सदाफुली
उलट, शिकलेली सिस्टर तसं करणार नाही. वाईट बातमी सांगण्याची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे, २००० सालची. त्यात तुम्हाला काय ठाऊक आहे हे आधी विचारायचं, मग किती ऐकायचंय ते विचारायचं, आणि सांगणं त्यानंतर. तुमच्या आईने "सगळं माझ्या मुलाशी बोला" म्हटलं असतं, तर तीही तिचीच इच्छा. पण तिला कुणी विचारलं का?

पेठेतला_पोरगा
नाही विचारलं. तरी माझं मत बदललेलं नाही. विचारणं म्हणजेच अर्धं सांगणं झालं.

नाईट_ड्यूटी
दादा, रुग्णांना बहुतेक वेळा कळलेलंच असतं. राउंडला डॉक्टर खाटेपाशी उभं राहून आपसात इंग्रजीत बोलतात, त्यात 'मेट्स' (मेटास्टॅसिस, कॅन्सर दुसरीकडे पसरणं) तेवढं कानावर पडतं. राउंड पुढे सरकला की आम्हाला विचारतात, "सिस्टर, मेट म्हणजे काय हो?" म्हणून प्रशिक्षणाला रेसिडेंट डॉक्टरांनाही बसवा, आमच्याच शेजारी.

वऱ्हाडी_ठेचा
हे पटलं. पण त्या 'मेट'चं उत्तर द्यायची मुभा सिस्टरला आहे का, ते कागदावर आणा आधी. नाहीतर ती शिकून येणार, उत्तर देणार आणि मेमोही तिलाच मिळणार.