नगरच्या छावणीतलं १९१५ चं जर्मन पोस्टकार्ड: पुढे काय करू?

जुनापुराणा: रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक कार्ड घेतलं. अहमदनगर, सप्टेंबर १९१५. 'प्रिझनर ऑफ वॉर' आणि सेन्सॉर असे दोन शिक्के, पत्ता श्टुटगार्टचा, मजकूर जर्मन. विकणारा म्हणाला, "किल्ल्यातलं आहे, नेहरू होते तिथलं." कार्डावर तिकीटच नाही. फसलो का? शिवाय कडा कुरतडल्यात, लॅमिनेट करून घेऊ?

तिकीटवेडा: लॅमिनेट अजिबात नको! टेपही नको. आम्लरहित पारदर्शक पाकिटात ठेवा, पावसाळ्यात दमटपणापासून जपा. तिकीट नाही हे बरोबरच आहे. १९०७ च्या हेग करारानुसार युद्धकैद्यांच्या टपालाला शुल्क माफ होतं. उलट तिकीट असतं तर मी आधी संशय घेतला असता. आता भिंग घ्या. कैदी आधी लिहितो, सेन्सॉर मागाहून शिक्का मारतो. शिक्क्याची शाई अक्षरांच्या खाली दिसली तर सावध व्हा.

नगरी_मी: आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) काही जुनं सापडलं की लोक नेहरूंनाच चिकटवतात. ते किल्ल्यात होते १९४२ ते ४५. तुमचं कार्ड त्याच्या २७ वर्षं आधीचं. किल्ल्याच्या नावाचे पैसे घेतले असतील तर जाऊन भांडा.

मोडीवाली: एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. शिक्का युद्धकैद्याचा असला म्हणजे माणूस सैनिक असेलच असं नाही. पहिल्या महायुद्धात भारतातले जर्मन व्यापारी, मिशनरी यांनाही नगरला आणून ठेवलं होतं. श्टुटगार्टचा पत्ता पाहून मला बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेची शंका येते. मंगलोरी कौलांचे कारखाने चालवणारी तीच संस्था. तिची बरीच माणसं त्या भागातून यायची. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजाने मिशनऱ्यांना मायदेशी धाडलं. स्वित्झर्लंडमधल्या बासलला संस्थेचं अभिलेखागार आहे, सूची ऑनलाइन दिसते. पण हा माझा अंदाज, आधी आडनाव वाचा.

अक्षर बहुधा कुरेंट, म्हणजे जुन्या जर्मन हस्तलेखनाच्या वळणाचं असेल. आज जर्मन शिकलेल्यालाही ते पटकन लागत नाही, आपल्याकडे मोडीचं होतं तसंच. कुरेंटची वर्णमाला छापून शेजारी ठेवा आणि सुरुवात पत्त्यापासून करा, गावांची नावं आधी उलगडतात.

आडनाव लागलं की आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा १९१४-१८ चा कैद्यांचा ऑनलाइन संग्रह उघडा. मोफत आहे. थेट नाव सापडेल अशी आशा नको. वर्णानुक्रमाच्या जवळपास नेऊन सोडतात, पुढे एकेक नोंदपत्र उलटायचं. त्यावरचा आकडा टिपून घ्या, त्यावरून मूळ यादीचं पान मिळतं. सैनिक आणि नागरिक यांचे विभाग वेगळे आहेत, दोन्ही बघा.

जुनापुराणा: मोडीवालीताई, गावाचं नाव श्टुटगार्टच, आडनावाचं पहिलं अक्षर 'एच' असावं. तिकीटवेडा, तुमचं उत्तर वाचलं तेव्हा कार्ड लॅमिनेशनवाल्याकडेच होतं. फोन केला. त्याची लाइट गेली होती म्हणून वाचलं.