उतरवलेलं वजन टिकलं का? (अनुभव धागा)

तीन महिन्यांत दहा किलो उतरवल्याच्या कहाण्या भरपूर वाचल्या. पुढच्या दिवाळीत त्या माणसाचं काय झालं, हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून या धाग्याला एकच अट: वजन उतरून वर्ष तरी उलटलेलं असावं. परत चढलं असेल तर तेच आधी लिहा. आधी-नंतरचे फोटो नकोत. ताटात आणि दिवसात नेमकं काय बदललं, ते हवं.

सुरुवात मीच करते. वय ४६, ठाणे. २०२२ च्या जूनमध्ये वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर (बायकांची ८० च्या आत हवी, पुरुषांची ९०) आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१. डॉक्टर म्हणाल्या, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात." मी म्हटलं, अहो, मी तर दोनच पोळ्या खाते! खरंच दोनच खात होते. ताटात.

बाकीचं ताटाबाहेर चालायचं. लेकाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा चमचा-दोन चमचे भात (एवढासा कशाला फ्रिजमध्ये ठेवायचा?), वाटीला चिकटलेला शिरा. ओटा आवरता आवरता सगळं तोंडात. एक दिवस ठरवलं, जे तोंडात जाणार ते स्टीलच्या डब्यात टाकायचं. रात्री झाकण लावायला गेले तर ते बसेना. माझ्या जेवणाएवढंच दुसरं जेवण त्यात होतं, आणि मी ते बसून, चवीने खाल्लेलंही नव्हतं.

तो डबा अजून ओट्यावर असतो. सकाळी त्याचं काहीतरी फोडणीचं होतं. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, त्यावर अर्धा तास तलावपाळीला चक्कर. वर्षाने ६६ वर आले, सध्या ६९. ते वरचे तीन किलो कुठून आले, तेही ठाऊक आहे, शेवटी सांगते.

वैदर्भी, नागपूर

अट वाचून बरं वाटलं, कारण माझं परत चढलंय. २०१८ मध्ये आमच्याकडे घरोघरी दीक्षित डॉक्टरांच्या डाएटचीच चर्चा. दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. चार महिन्यांत ९४ चा ८३ झालो. ऑफिसात लोक थांबवून विचारायचे, मीही ऐटीत प्रवचन द्यायचो.

घसरलो तो माझ्याच हुशारीने. चालणं आधी सुटलं, उन्हाळ्याचं निमित्त (नागपूरचं ऊन, कोण काय म्हणणार). मग ५५ मिनिटं म्हणजे आहेर मिळाल्यासारखी वापरायला लागलो: सावजीचं मटण, त्यावर भात, त्यावर दोन गुलाबजाम, घड्याळात अजून बारा मिनिटं शिल्लक. दोन वर्षांत ९२. पण एक गोष्ट उरली. तेव्हा मधल्या वेळच्या चहाची साखर सुटली ती सुटलीच. दिवसाला पाच कप प्यायचो, दोन-दोन चमचे साखर घालून. आता ८८ वर आहे, चालणं पुन्हा सुरू, आणि प्रवचन बंद.

रात्रपाळी

साडेसातला जेवा म्हणणाऱ्या ताईंनी एकदा आमची थर्ड शिफ्ट बघावी. चाकणला आहे. रात्री एकला कँटीन उघडतं, समोर गरम वडे, आणि शेजारी चार मित्र. झोप येऊ नये म्हणूनच खायचो, भूक नसायची.

मी एवढंच केलं: कामावर जायच्या आधी घरी भाकरी, उसळ नीट जेवून निघतो. एकला मूठभर फुटाणे आणि ताक. सकाळी घरी आल्यावर नाश्ता हलका, कारण पोट भरून पोह्यांवर झोपलं की दुपारी उठताना डोकं जड. आणि खोलीला जाड पडदे लावले. झोप साडेचार तासांवरून साडेसहावर गेली तशी खा-खा कमी झाली. हे कुठल्या डाएटवाल्याने सांगितलं नाही, आईने पडदे शिवून दिले. ९२ चे ८६ झाले आणि चौदा महिने तिथेच आहेत. खाली जात नाहीत, वरही येत नाहीत. चालतंय की.

कट कमी, कोल्हापूर

निवृत्त झाल्यापासून आमच्यात स्वयंपाक मी करतो. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनवर पेनाने तारीख लिहायला लागलो. चार माणसांत कॅन २८ दिवसांत संपला. हिशेब केला तर डोई रोज ४० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २५ आणि बाईला २० ग्रॅम लिहिलंय. आम्ही काय तळणवाले नव्हे, पण फोडणीला कढईत धार सोडायची सवय! धार बंद केली, चमचा घेतला. आता कॅन सहा आठवडे जातो. ग्रॅमला ९ कॅलरी धरा, म्हणजे माणशी रोज सव्वाशे कॅलरी, एका पोळीएवढ्या, कोणाला न सांगता गेल्या. मी दीड वर्षात ५ किलो उतरलो. सौ. दोन उतरली, पण ती म्हणते भाजीला चव नाही.

आजी बोलते

मी उलटं सांगते. वय ७०. काही न करता सहा महिन्यांत ७ किलो उतरले. लग्नात सगळ्या म्हणाल्या, "काकू, छान बारीक झालात!" मीही खूश. सारखी तहान लागायची, तेवढं कोणाला बोलले नाही. सुनेने रक्त तपासायला नेलं तर साखर ३४०. न मागता वजन उतरलं तर अभिनंदन घेऊ नका, तपासून घ्या. आता औषध सुरू आहे, तीन किलो परत आलेत आणि डॉक्टर म्हणतात ते आलेले चांगले. रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते.

पुन्हा मी, ठाणे

आजी, बरं झालं लिहिलंत. आईला आजच फोन केला, तिलाही "बारीक झालीस" ऐकायला फार आवडतं.

थर्ड शिफ्टवाले दादा, साडेसातचा हट्ट मागे घेते.

आणि माझे तीन किलो: लेक बारावीला होता, त्याच्यासोबत रात्री अकरापर्यंत जागायची. त्याला दूध-बिस्किटं, सोबत मलाही. त्या ताटलीतलं उरलेलं डब्यात टाकायचं सुचलंच नाही, कारण उरायचंच नाही. परीक्षा संपली, बिस्किटांचा पुडा अजून येतोय. या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत पहिल्यांदाच लिहिलेला नाही.