टेस्ट सर्व्हरचं घड्याळ २०३८ मध्ये न्यावं का?

जळगावकर (धागा सुरू करणारा):
खान्देशातल्या पतसंस्थांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्यांसाठी हा विषय. माझं मत ठाम आहे: टेस्ट सर्व्हरचं घड्याळ खरोखर पुढे नेऊनच चाचणी घ्यायला हवी. मायएसक्यूएल या डेटाबेसचा तारीख-वेळ साठवणारा टाइमस्टॅम्प कॉलम १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळच्या ८:४४:०७ वाजता संपतो, त्यापुढची वेळ त्यात बसतच नाही. आज दिलेल्या पंधरा वर्षांच्या घरकर्जाचे शेवटचे हप्ते त्याच्या पलीकडे पडतात. स्ट्रिक्ट मोड (चुकीची नोंद नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर निदान एरर येतो. बंद असेल तर गुपचूप शून्य तारीख बसते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

भुसावळचा डेव्हलपर:
भो, दुखणं खरं, औषध चुकीचं. २०४० चा हप्ता टाकून बघ, आजच कळेल. घड्याळ पुढे गेलं की सर्टिफिकेटं बाद, लायसन बंद, आणि टाइम सिंक (नेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) चालू राहिलं तर मशीन परत आजच्या तारखेवर. 'आजची तारीख' कोडमध्ये एकाच फंक्शनमधून घ्या आणि चाचणीत हवी ती द्या. ३१ मार्च, २९ फेब्रुवारी, लीप नसलेलं २१०० साल, सगळं मिनिटांत तपासून होतं.

जळगावकर:
नव्या कोडला ते ठीक. आपल्याकडे व्याज आकारणी जुन्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच ठेवलेल्या कोडमध्ये आहे. आत्ताची वेळ घ्यायला कुणी नाऊ() वापरलंय, कुणी सिसडेट(). सेशनची (डेटाबेसशी जोडलेल्या त्या एका कनेक्शनची) वेळ बदलली तर नाऊ() बदलतं, सिसडेट() खऱ्या घड्याळावरच राहतं. एकाच व्यवहारात दोन तारखा! शिवाय मायएसक्यूएलची ५.७ सारखी जुनी आवृत्ती २०३८ ची ती वेळ उलटली की स्वतःच बंद पडते. तुझ्या फंक्शनला हे कसं कळणार?

धुळ्याची टेस्टर:
मी घड्याळाच्या बाजूने, पण मशीन नेटवर्कपासून तोडलेलं हवं. एसएमएस गेटवे जोडलेला राहिला तर रात्रीच्या जॉबमधून खऱ्या सभासदांना 'ठेवीची मुदत संपली' असे मेसेज जातील. जुन्या फायली काढणारी स्क्रिप्ट सगळे बॅकअप उडवेल. आणि काम झाल्यावर नुसतं घड्याळ मागे घेऊ नका, चाचणीआधी घेतलेला स्नॅपशॉट (मशीनची जशीच्या तशी प्रत) परत लावा. पुढच्या तारखांच्या नोंदी पडलेल्या डेटाबेसवर नंतरच्या कुठल्याच चाचणीचा भरवसा नाही.

भुसावळचा डेव्हलपर:
ताई, वेगळं मशीन मान्य. लिनक्सवर लिबफेकटाइम नावाचं टूल लावलं तर फक्त डेटाबेसलाच खोटी वेळ दिसते, अख्खं मशीन हलवावं लागत नाही. पण हे डेटाबेसची आवृत्ती बदलताना करा. रोजच्या चाचण्यांना फंक्शनच बरं, यावर मी मागे हटणार नाही.

नंदुरबारकर:
टाइमस्टॅम्पऐवजी कॉलमचा प्रकार डेटटाइम करून टाका, ९९९९ सालापर्यंत चालतो. वाद मिटला.

जळगावकर:
नाही मिटला, दादा. टाइमस्टॅम्प आतमध्ये यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ ठेवतो. कॉलम बदलताना सेशन यूटीसीवर असेल तर जुनी प्रत्येक नोंद साडेपाच तास मागची दिसेल. १ एप्रिलच्या पहाटे पडलेलं व्याज ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाईल आणि ऑडिटमध्ये ताळेबंद जुळणार नाही. कॉलम जरूर बदला, पण बदलाच्या आधी आणि नंतर वर्षअखेरीचा तोच जॉब पुढच्या तारखेवर चालवून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.