मदत हवी आहे: मांडीच्या धमनीत औषधी बलून, पण कॅल्शियमचं काय? (ठाणे)

रुग्ण मधुमेही, मांडीच्या धमनीत 12 सेंमी लांब अडथळा, भिंतीत साचलेलं कॅल्शियम जवळपास पूर्ण गोलाकार. आधी साध्या बलूनने अरुंदपणा 30 टक्क्यांच्या आत आणायचा, मगच पॅक्लिटॅक्सेलचा (धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणूनचं औषध) लेप असलेला बलून, धमनीच्याच मापाचा, लांबीला अडथळ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे थोडा जास्त, 3 मिनिटं फुगवून. इथवर ठीक. पण कॅल्शियमच्या कवचातून औषध भिंतीत मुरत नाही, आणि बलून रक्तात रेंगाळला की लेप वाहून जातो. (लेपाला हात लावू नका, हे दर वेळी सांगावं लागतं!)

ठाणे-नवी मुंबईत पायाच्या धमनीसाठी शॉकवेव्ह (ध्वनिलहरींनी कॅल्शियम फोडणं) किंवा अथेरेक्टॉमी (आतला थर खरवडून काढणं) नियमित कुठे होते? खर्च अंदाजे किती? बलूनने धमनीच्या भिंतीला चीर पडून रक्तप्रवाह अडलाच, तर गुडघ्यामागे स्टेंट टाळून काय करता?